तुरुंग चालेल, नांदायला जाणार नाही

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते जमा झाले, वही भरून झाली, आणि मग विषय निघाला शेजारच्या गावातल्या एका मुलीचा. दहावीत शिकत होती. दिवाळीनंतर घाईघाईनं लग्न लावून दिलं तिचं. सोळावं सरलेलं नव्हतं. आम्हा पंधरा जणींपैकी निदान सहा जणींना हे लग्न होणार हे आधीपासून ठाऊक होतं. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हेही ठाऊक होतं. अंगणवाडीच्या भिंतीवर १०९८ हा नंबर मोठ्या अक्षरात रंगवलेला आहे, तो येता-जाता दिसतो. पण फोन कुणी केला नाही.

"शिकलेल्या बायांचं वेगळं असतं गं," आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या. "त्यांना कळतं, म्हणून त्यांना धाडस येतं. आपण पडलो अडाणी." त्यावर एक सून पटकन बोलून गेली, "पण मावशी, आपल्याला कळत होतंच की." मग कुणीच काही बोललं नाही. चहा गार झाला.

ते बोलणं आमच्या मनातून गेलं नाही. म्हणून आज आम्ही रखमाबाईंची गोष्ट घेतली आहे. डॉक्टर रखमाबाई हे नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल, त्यांच्यावर सिनेमाही निघाला आहे. पण आम्हाला हवी होती ती डॉक्टर होण्याच्या आधीची रखमा. जिच्याकडं कुठली पदवी नव्हती, आणि जिनं इंग्रज सरकारच्या हायकोर्टाला सांगितलं की मी नांदायला जाणार नाही. तिला आम्ही आज 'ती'च म्हणणार आहोत. आपल्या घरातली पोर असावी तशी.

रखमा जन्मली १८६४ साली, मुंबईत, सुतार समाजात. तिच्या आईचं नाव जयंतीबाई. जयंतीबाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, पंधराव्या वर्षी रखमा झाली आणि सतराव्या वर्षी नवरा वारला. त्या काळी ब्राह्मणाघरची विधवा असती तर केशवपन करून कोपऱ्यात बसवली असती. सुतारांमध्ये विधवेला पुन्हा लग्न करता यायचं. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. तेही बायको वारलेले होते. लग्नाआधी जयंतीबाईंनी एक काम केलं. पहिल्या नवऱ्याची मिळकत लेकीच्या नावावर करून दिली. ही मिळकत ध्यानात ठेवा, पुढं तिचा संबंध येणार आहे.

सखाराम अर्जुन मोठे विद्वान. डॉक्टर तर होतेच, पण झाडापाल्याचं, औषधी वनस्पतींचं त्यांना फार ज्ञान. मुंबईत १८८३ साली पशुपक्षी आणि झाडं यांचा अभ्यास करणारी जी संस्था निघाली, जी आजही चालू आहे, तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसं होती. त्यातले एक हे. घरी सुधारकांची ऊठबस. आणि अशा घरातल्या मुलीचं लग्न किती वर्षांची असताना झालं? अकरा. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस वर्षांचा, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. म्हणजे ज्या माणसाला शरीराचं शास्त्र ठाऊक होतं, त्याच्याही घरात जातीची रीत मोडली गेली नाही. आमच्या मावशींना आम्ही हे वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे डॉक्टरसुद्धा आपल्यासारखाच!"

अगदी तसंही नव्हतं. दोन गोष्टी त्यांनी केल्या. एक, जावई घरजावई म्हणून राहील, शिकेल, आणि त्याचा खर्च आपण करू, असं ठरवलं. दुसरी जास्त महत्त्वाची. लग्नानंतर सहा-सात महिन्यांत रखमाला न्हाण आलं. रिवाजाप्रमाणं आता गर्भाधानाचा विधी करून मुलीला नवऱ्याच्या खोलीत पाठवायचं. सखाराम अर्जुन आडवे आले. एवढ्या कोवळ्या शरीराला हे सोसत नाही, डॉक्टर म्हणून मी होऊ देणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ऐन वेळी त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला, आणि रखमा वाचली.

लग्नानंतर रखमाची शाळा सुटली. ती घरी शिकू लागली. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं यायची, ती वाचायची. इंग्रजी अशीच धडपडत शिकली. शिवाय मायलेकी दर आठवड्याला प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जायच्या. आर्य महिला समाज म्हणजे बायकांनी एकत्र बसून बोलायची जागा, आपली बैठकच म्हणा ना. तिथं काय ऐकलं, काय बोललं गेलं असेल, ते तुम्हीच ताडा. एवढं नक्की की ही पोर एकटी पुस्तक घेऊन बसलेली नव्हती.

इकडं दादाजी शिकेना. सासऱ्याचं घर सोडून मामाकडं राहायला गेला. अंगावर कर्ज झालं, प्रकृती खालावली. मामाच्या घरातलं वातावरण रखमाच्या सांगण्याप्रमाणं कुठल्याही मुलीला पाठवावं असं नव्हतं. वर्षं गेली. रखमा वीस वर्षांची व्हायला आली, आणि १८८४ साली दादाजीच्या वकिलाची नोटीस आली. बायको नांदायला पाठवा. पाठवली नाही, तेव्हा मुंबई हायकोर्टात दावा लागला. मिळकतीवर डोळा असल्याचं तेव्हाच बोललं जात होतं. दादाजीच्या बाजूचं म्हणणं उलटं होतं, की मिळकत हातची जाऊ नये म्हणून आईबापच मुलीला अडवून धरतात. काही का असेना, घराघरात चार भिंतींच्या आत जे चालायचं ते आता कोर्टात उघड्यावर आलं.

इथं एक गंमत सांगायला हवी, आणि ती आम्हालाही हे वाचताना पहिल्यांदा कळली. नांदायला येत नाही म्हणून बायकोवर दावा करायचा आणि ती ऐकत नसेल तर तुरुंगात टाकायचं, हा कायदा काही आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. इंग्रजांबरोबर तो बोटीतून इथं उतरला. आणि बघा, खुद्द इंग्लंडात १८८४ साली, म्हणजे रखमावर दावा लागला त्याच वर्षी, या कारणासाठी तुरुंगात टाकायची शिक्षा रद्द झाली! तिथल्या बायकांची सुटका झाली, इथं मात्र तीच शिक्षा चालू राहिली. पुढं हाच परका कायदा वाचवायला आपले धर्मरक्षक 'धर्म बुडाला' म्हणून ओरडत होते.

खटला उभा राहण्याआधीच, १८८५ च्या एप्रिलमध्ये, सखाराम अर्जुन वारले. ज्यांच्या आधारानं नकार दिला, तेच गेले. आपण एवढ्यावर खचलो असतो. जून महिन्यात मात्र टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी पेपरात एक पत्र छापून आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'एक हिंदू स्त्री'. बालविवाहानं मुलीचं काय होतं ते त्यात लिहिलं होतं. पुरुषाचं शिक्षण लग्नानंतरही चालू राहतं, मुलीचं तिथंच संपतं, आणि मला ज्याची सर्वांत जास्त ओढ होती त्या अभ्यासापासूनच मला तोडलं, असा त्याचा आशय. सप्टेंबरात दुसरं पत्र आलं, विधवांच्या हालांबद्दल. पुष्कळांना वाटलं, एवढं चांगलं इंग्रजी लिहिणारी बाई असूच शकत नाही. ती रखमाच होती.

नाव झाकून लिहिलं म्हणून कुणी तिला भित्री म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही. आमच्या रेडिओवरही कितीतरी बाया 'माझं नाव सांगू नका' म्हणून बोलतात, आणि जे बोलतात ते नाव सांगून बोलणाऱ्यांपेक्षा खरं असतं.

त्याच सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला, तो रखमाच्या बाजूनं. कळायच्या आत जिचं लग्न लावलं, जी कधी नांदलीच नाही, तिला सज्ञान झाल्यावर तिच्या मनाविरुद्ध त्या माणसाच्या हवाली करणं रानटीपणाचं होईल, आणि हिंदू कायद्यातही तसा आधार नाही, असं त्यांचं म्हणणं. सुधारकांना आनंद झाला. पण गदारोळ त्याहून मोठा झाला. दादाजीनं अपील केलं. १८८६ साली मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला आणि खटला पुन्हा चालवायला खाली पाठवला.

आता या दोन वर्षांत कोण कुठं उभं राहिलं ते पाहण्यासारखं आहे. रखमाच्या बाजूनं बेहरामजी मलबारी हे पारशी पत्रकार, तेलंग यांच्यासारखे कायदेपंडित, काही इंग्रज प्राध्यापक. त्यांनी खटल्यासाठी समिती काढली, पैसे उभे केले. विरुद्ध बाजूला लोकमान्य टिळकांचा 'केसरी'. इंग्रजी शिकलेल्या बाया अशाच नवऱ्याला झुगारतील, हा तिकडचा सूर. टिळकांना अज्ञानी कोण म्हणेल? गणित, संस्कृत, कायदा, सगळं येत होतं. दुसरीकडं सुधारणेवर भाषणं देणारे, आणि घरी दहा वर्षांच्या मुलीशी दुसरेपणी लग्न लावून घेणारेही त्या काळात होतेच. ज्ञान त्या पिढीत भरपूर होतं. मुंबई-पुण्यात तर रस्तोरस्ती होतं म्हणा ना. पण किंमत मोजायची वेळ आली की त्यातलं किती उरलं? मावशी म्हणाल्या ते इथं पुरतं उलटं होतं. ज्यांना सगळ्यात जास्त कळत होतं, ते हिंडून-फिरून मोकळे होते. आणि अकराव्या वर्षी जिची शाळा सुटली ती कोर्टात उभी होती.

१८८७ चा फेब्रुवारी संपता संपता, २६ तारखेला, पुण्यात डॉक्टर आनंदीबाई जोशी वारल्या. त्यांना तर सगळे ओळखतात. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, ते दहा दिवसांत गेलं, मग अमेरिकेला जाऊन डॉक्टर, आणि बाविसावं पुरं व्हायच्या आत मरण. गोपाळरावांनी हट्टानं शिकवलं म्हणून त्या शिकल्या. सारं पुणं हळहळलं. आणि त्यानंतर एका आठवड्यात, ४ मार्चला, मुंबईत न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाला हुकूम दिला: महिनाभरात नवऱ्याच्या घरी राहायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. एका आठवड्यात या दोन गोष्टी. नवऱ्याच्या मर्जीनं शिकलेलीचं कौतुक, आणि स्वतःच्या मर्जीनं शिकू पाहणारीला तुरुंग. आनंदीबाईंचं मोठेपण आम्हाला तसूभरही कमी करायचं नाही. त्यांच्याही वाट्याला काय कमी आलं? पण त्या काळाला कोणतं शिकणं चालत होतं आणि कोणतं नाही, ते या आठ दिवसांत उघडं पडलं.

रखमानं उत्तर दिलं. जास्तीत जास्त जी शिक्षा असेल ती भोगीन, नांदायला जाणार नाही.

या उत्तरापाशी आमची बैठक फार वेळ थांबली. बावीस वर्षांची मुलगी, बाप नाही, आईची प्रतिष्ठा पणाला, अख्ख्या पेपरांत नाव. त्या काळी अब्रूदार घरातली बाई तुरुंगात गेली तर पुन्हा दारात कोण उभं करणार? ती घाबरली नसेल का? घाबरलीच असेल. पण तिला दोन्ही बाजूंची शिक्षा ठाऊक होती. तुरुंग सहा महिन्यांचा. आणि नांदायला जाणं किती दिवसांचं, तेही तिला ठाऊक होतं. आपल्या आईचं चौदाव्या-पंधराव्या-सतराव्या वर्षी काय झालं ते तिनं घरात ऐकलेलं. कोवळ्या शरीराचं काय होतं ते सावत्र वडिलांकडून कळलेलं. कायदा काय म्हणतो, तो कुठून आला, ते पुस्तकांतून आणि वकिलांकडून कळलेलं. आपल्याला अंधाराची भीती वाटते ती अंधारात काय आहे हे दिसत नाही म्हणून. तिनं कंदील धरून पाहिलं होतं, तिकडं साप आहे आणि इकडं विंचू. मग तिनं विंचू पत्करला. तिच्या शिकण्याचा तिला झालेला उपयोग आम्हाला एवढाच दिसतो. बाकी पाऊल टाकायचं काम कुठल्याही पुस्तकानं केलं नाही.

आणि गप्प बसली नाही. त्या साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून सगळीकडं सोहळे चालले होते. एप्रिलमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये रखमाचं पत्र छापून आलं. राणीनं या शुभ वर्षात कायद्यात एकच वाक्य घालावं, मुलगा वीस आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी झालेलं लग्न कोर्टानं कायदेशीर मानू नये, असं तिनं मागितलं. नुसतं माझं काय ते बघा असं नाही म्हणाली.

शेवट विजयाचा नव्हता, तडजोडीचा होता. १८८८ च्या जुलैमध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजीनं हक्क सोडला, आणि पुढं दुसरं लग्न केलं. तुरुंग टळला. पण कायदा होता तिथंच राहिला, रखमानं पैसे भरून स्वतःला सोडवून घेतलं, असंच म्हणायला हवं. दोन हजार म्हणजे त्या काळी काय रक्कम! आमच्यातल्या एकीनं विचारलं, जिच्याकडं दोन हजार नव्हते तिचं काय? बरोबर विचारलं.

मग कुठं ती डॉक्टर व्हायला निघाली. कामा हॉस्पिटलच्या डॉक्टर एडिथ पीची पाठीशी उभ्या राहिल्या. पीची स्वतः एडिंबरोच्या विद्यापीठात बायकांना डॉक्टरकी शिकू द्या म्हणून भांडलेल्या सात जणींपैकी एक, म्हणजे भांडणाची सवय असलेली बाई. वर्गणी जमली. १८८९ साली रखमा लंडनला बायकांच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाली आणि १८९४ साली डॉक्टर झाली. आधी नकार, आणि मग त्या नकाराच्या जोरावर शिक्षण, असा तिचा क्रम.

परत येऊन सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात तिनं वर्षानुवर्षं काम केलं, पुढं १९१८ पासून राजकोटला. सुरतेची एक गोष्ट सांगितली जाते. बाया बाळंतपणाला दवाखान्यात यायला भीत. तिथं गेलेली बाई परत येत नाही, असा समज. रखमाबाईंनी भाषण दिलं नाही. एक गाभण शेळी दवाखान्यात आणली, सगळ्यांच्या देखत तिची सुटका केली आणि शेळी-करडू धडधाकट बाहेर पाठवले. मग हळूहळू बाया येऊ लागल्या. आमच्या मावशींना सगळ्या गोष्टीत हीच जास्त आवडली.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून पचलेली नाही. १९०४ साली दादाजी वारला, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. ज्याच्याशी एक दिवस नांदली नाही त्याच्यासाठी! आमच्यात यावर भांडण झालं. एक म्हणाली, शेवटी रीतच जिंकली. दुसरी म्हणाली, पेशंट बायांना आपली वाटावी म्हणून नेसली असेल. तिसरी म्हणाली, तिचं तिला ठाऊक, आपण कोण विचारणार. १९५५ साली, नव्वदाव्या वर्षी, रखमाबाई गेल्या.

कायद्याचं पुढं काय झालं, तेही थोडक्यात. त्याच सुमारास बंगालमध्ये फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली. रखमाचा खटला ताजा होता, त्यात ही बातमी. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि दहाची मर्यादा बारा झाली. तेवढ्यावरही केवढं रणकंदन झालं. नांदायला गेली नाही म्हणून बायकोला तुरुंग, हे १९२३ साली गेलं. नांदायला यावं म्हणून दावा मात्र आजही करता येतो, हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात तो आहे, नवऱ्यालाही आणि बायकोलाही. नोटीस आली म्हणजे पोलीस ओढून नेतील असं समजून घाबरणाऱ्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. तसं होत नाही. वकिलाकडं जा, तालुक्याला विधी सेवा समिती असते, तिथं बाईला वकील फुकट मिळतो.

आणि रखमानं राणीकडं जे मागितलं होतं, त्याच्या जवळचं काहीतरी २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्यात आहे. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलीला ते लग्न रद्द करून मागता येतं, जिल्हा न्यायालयात. वीस वर्षांची होईपर्यंत तिला ती मुदत आहे. हे आमच्या पंधरा जणींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

त्या मुलीचा दहावीचा फॉर्म भरलेला आहे, परीक्षा मार्चमध्ये आहे. तिचं सासर बसनं दीड तासावर. येत्या रविवारी आमच्यातल्या दोघी तिकडं जाणार आहेत. त्यातल्या एक मावशी आहेत.